आतली हकिगत, बाहेरची हकिगत

भाऊ गेला तेव्हा माझ्या टेबलावर एका जाडजूड पुस्तकाचं भाषांतर अर्धवट पडलेलं होतं. यहुद्यांचे सगळ्यात जुने धर्मग्रंथ, म्हणजे परंपरेनं ज्यांना मोशेची पाच पुस्तकं म्हणतात ती, नेमकी लिहिली कोणी, असा त्याचा विषय. पालम तालुक्यातल्या खेड्यात बसून कोणी असले उद्योग करतं, हे अजूनही कोणाला पटत नाही. कॉलेजात तासिकेवर शिकवून भागत नाही, म्हणून मी भाषांतरं घेतो. मोशे कोण, हे मला तरी आधी कुठं माहीत होतं?

पण पुस्तकानं मला धरून ठेवलं. सगळं मोशेनंच लिहिलं, असं लोक शेकडो वर्षं मानत आले. मग कोणाच्या तरी लक्षात आलं, की मोशे मेला आणि त्याला पुरलं, हेही त्याच पुस्तकांत आहे. ते काय त्यानं मेल्यावर लिहिलं? मोशेएवढा नम्र माणूस दुसरा नव्हता, असंही त्यात आहे. स्वतःबद्दल असं लिहिणारा आमच्याकडच्या पुढाऱ्यांच्याच जातकुळीतला म्हणायचा. पुढे अभ्यासक आणखी खोलात शिरले. जग निर्माण झाल्याची कथा दोनदा येते. एकीत माणूस सगळ्यांच्या शेवटी, दुसरीत झाडाझुडपांच्याही आधी. महापुरात नावेवर एका ठिकाणी प्रत्येक प्राण्याची एकच जोडी घेतात, दुसऱ्या ठिकाणी काहींच्या सात. एका हकिगतीत देवाचं एक नाव, दुसरीत दुसरंच. त्यावरून त्यांनी ताडलं, की एक हकिगत दक्षिणेच्या राज्यातली, एक उत्तरेतली, एक कायदा सांगणाऱ्यांची, एक पुरोहितांची, आणि कोणीतरी मागाहून ती सगळी एकत्र केली. हल्लीच्या काहींना हे चारही मान्य नाहीत. तुकड्यातुकड्यांनी वाढत गेलं म्हणतात आणि एकमेकांवर तुटून पडतात. पण लिहिणारे हात अनेक, यावर बहुतेकांचं एकमत आहे.

मला अडत होतं ते एकाच ठिकाणी. ज्यानं एकत्र केलं त्याला विसंगती दिसत नव्हती का? दोनातली एक हकिगत काढून टाकायला त्याचा हात कोणी धरला होता?

भाऊ आणि वहिनी ऊसतोडीला गेले होते, आमच्या भावकीतल्याच मुकादमाच्या टोळीत. त्यांची मुलगी शाळेसाठी आमच्याकडे होती. मुकादम भावाचं प्रेत घेऊनच गावात आला.

आमच्याकडे सुतकात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला कसं झालं ते पहिल्यापासून सांगावं लागतं. ऐकून आला असला तरी तो पुन्हा विचारणारच. बाया आत जातात, त्यांना वहिनी सांगायची. माणसं ओसरीवर बसतात, त्यांना चुलते सांगायचे. मुकादम त्यांच्या शेजारीच बसलेला असायचा. मी पाणी देत आतबाहेर करायचो, त्यामुळे दोन्हीकडचं माझ्या कानावर पडायचं.

आत वहिनी सांगायची, "मालकाला लय दिसापून ताप व्हता. त्या दिशी उभं ऱ्हावंना. म्या मुकादमाला म्हनलं, गाडी रिकामीच हाय, दवाखान्यात न्या. तर म्हने, आदी ऊस भरून होऊ द्या. गाडी भरंपस्तोर मालक बांधावर पडून ऱ्हायले."

बाहेर चुलते सांगायचे, "पोरगं चांगलं पोटभर जेवलं. जेवून बसलं ते बसलं. गाडी तर सकाळीच कारखान्यावर गेल्ती. मुकादम तरी काय करनार?"

बाया आणि माणसं भेटून निघताना अंगणात एकत्र यायची आणि बोलत बोलत घरी जायची. दोन्ही हकिगती गावभर मिसळल्या. तेरवीला कीर्तन झालं आणि गावातले एक निवृत्त गुरुजी श्रद्धांजलीला उभे राहिले. सज्जन माणूस, कोणाचं मन मोडवत नाही. त्यांनी माईकवरून सांगितलं, की मालकाला ताप होता, तरी पोरगं पोटभर जेवलं. गाडी कारखान्यावर गेली होती, पण भरायचं काम संपताच मुकादमानं तिच्यातच घालून दवाखान्याकडे धाव घेतली. जिथं मालक आला तिथं वहिनीचं वाक्य, जिथं पोरगं आलं तिथं चुलत्यांचं. पुस्तकातल्या पंडितांसारखं मी बसल्या जागी ते वेगळं करू शकत होतो. गाडी होती आणि नव्हतीही. मांडवात एवढी माणसं बसली होती, एकाच्याही कपाळाला आठी पडली नाही. विधवेचा शब्द खाली पडला नाही आणि वडीलधाऱ्याचाही मान राहिला, एवढ्यावर सगळ्यांचं समाधान होतं. मला त्या समाधानाचा संताप आला. माझा भाऊ बांधावर तडफडत पडला होता आणि ते आता दोन सज्जन वाक्यांच्या मधे दिसेनासं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी वहिनीला म्हणालो, "पालमला पोलीस ठाण्यात जाऊ. तू आत सांगत होतीस तेवढंच साहेबापुढं सांग. मी लिहून देतो."

ती तांदूळ निवडत होती.

"भावजी, तुमी लय शिकल्याले. पन मला दसऱ्यानंतर पुन्ना तोडीलाच जायचंय ना? एकट्या बाईला कोन घेतंय? ह्यो मुकादम म्हनलाय, तुज्या भावाला जोडीला घेऊन ये, दोगांचा मिळून एक कोयता धरतो. त्याच्याच इरोदात जबाब दिऊन त्याच्याच गाडीत कशी बसू?"

"मग माझ्या भावाचं मरण असंच सोडायचं?"

"सोडलं कोनी? माज्याजवळ हाय की." तिनं सूप खाली ठेवलं. "पोरीला मातर काई सांगू नका. तिला ह्याच भावकीत ऱ्हायचंय. समदे जे म्हनतेत तेच तिलाबी म्हनू द्या."

मी तिच्याशी भांडलो. बोलू नये ते बोललो. ती सूप उचलून चुलीकडे गेली. त्या संध्याकाळी पुस्तक उघडून बसलो, तर ते एकत्र करणारा माणूस पहिल्यांदाच मला परका वाटला नाही. दोन्हीकडचे वारस त्याच्या दारात उभे असतील. त्यालाही त्यांच्यातच दिवस काढायचे असतील. तरी त्याच्यावरचा माझा राग काही गेला नाही.

दसरा झाल्यावर टोळी निघाली. वहिनीची पेटी मुकादमानंच गाडीत वर घेतली.

भाषांतर संपवून मी पाठवून दिलं. मुलगी आमच्याकडेच आहे. परवा शेजारच्या पोरीला अंगणात सांगत होती, "आमच्या बापूला कायच झालं नव्हतं. पोटभर जेवले अन् गेले. गाडी व्हती कुठं? मुकादम काकानं लय धावपळ केली." ताप नाही, बांध नाही, रिकामी गाडी नाही. वेगळं करायला मला त्यात काहीच सापडलं नाही.

मग तिनं मला दारात पाहिलं. "काका, आसंच झालं ना?"

"हां," मी म्हणालो. "आसंच झालं."