गिरणीतला रेडिओ

माझ्या थोरल्या जाऊबाईंना सगळे पेटीबाई म्हणतात. मुलींच्या शाळेतल्या नाचाच्या वर्गाला त्या बावीस वर्षं पेटीची साथ करतात. त्यांचे कान म्हणजे एक दुखणंच. भाजीवाला दारावरून ओरडत गेला की भाजी राहते बाजूला, "आज त्याचा घसा बसलाय, अर्धा सूर उतरलाय," हे आधी होतं.

शाळेत संगीत शिक्षिकेची कायमची जागा निघाली, पण तिला दहावीचं प्रमाणपत्र हवं. जाऊबाईंचं गणित लग्नाआधीपासून राहिलेलं. शाळेच्या मोठ्या बाईंनी स्वच्छ सांगितलं, "वर्षभर जागा धरून ठेवते. तेवढ्यात दोनदा परीक्षा होते. नाही जमलं, तर प्रमाणपत्रवाली जी येईल ती पेटीपुढे बसेल. माझा इलाज नाही."

म्हणून शेहेचाळिसाव्या वर्षी जाऊबाई गणिताचं पुस्तक घेऊन बसल्या.

माझी लेक कॉलेजात जाते. ती कानात गाणी घालून अभ्यास करते. त्याशिवाय डोकंच चालत नाही म्हणते, आणि मार्क चांगले पडतात, त्यामुळे आम्हाला बोलायला तोंड नाही. तिने जाऊबाईंना, म्हणजे तिच्या मोठ्या आईला, हाताशी धरलं. "तू तर गाण्यातलीच. तुला दुप्पट फायदा होईल," म्हणाली. मंद आवाजात बासरी लावून दिली आणि दहा गणितं घातली.

तासाभराने वही तपासायला घेतली. पहिलं समीकरण पायरी-पायरीने अगदी बरोबर सोडवलेलं, आणि खाली उत्तर: क्ष = कोमल नी.

"मोठी आई, हे काय गं?"

"अगं, तो बासरीवाला तिथे येतो ना, तेव्हा नी जरा चढाच लावतो. तेच मनात राहिलं."

"पण लक्ष द्यायचंच कशाला? ते आपलं मागे वाजत असतं."

"मागे म्हणजे कुठे?" जाऊबाईंनी विचारलं. चेष्टा नव्हती ती. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

मग उलटा उपाय झाला. घरात चिडीचूप. टीव्ही बंद, फोन मुका, माझे दीर शिंकायलासुद्धा गॅलरीत जायचे. पण शांततेत जाऊबाईंना न्हाणीघरातला नळ ऐकू यायला लागला. त्याचे थेंब त्या सोळापर्यंत मोजायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या परीक्षेला समोरच्या दुकानाने नेमका त्याच दिवशी लाउडस्पीकर लावला. अकरा मार्कांनी गेल्या.

"आता पुरे कर," दीर म्हणाले. "ज्याचं काम त्याने करावं. तू पेटी वाजव."

"पेटी राहावी म्हणूनच करतेय," त्या म्हणाल्या आणि दळणाचा डबा उचलून बाहेर पडल्या. राग आला की त्यांना काहीतरी जड उचलायला लागतं.

आमच्या कोपऱ्यावर पिठाची गिरणी आहे. ती सुरू असली की शेजारच्याचं बोलणं हातवाऱ्यांवरून ओळखावं लागतं. भिंतीवरच्या फळीवर पिठाने पांढराधोप झालेला, सेलवर चालणारा रेडिओ असतो. गिरणीवाला सकाळी तो लावतो आणि संध्याकाळी बंद करतो. मधे तो कुणालाही ऐकू येत नाही, गिरणीवाल्यालाही नाही. विचारलं तर म्हणतो, "सोबत असते."

त्या दिवशी नंबर लागेपर्यंत जाऊबाईंनी पिशवीतून वही काढली. त्या घरघराटात ना सूर होता ना ताल, नुसता एकसंध आवाज, भिंतीसारखा. अर्ध्या तासात आठ गणितं झाली. घरी येऊन वही लेकीपुढे टाकली. आठच्या आठ बरोबर.

झालं. रोज दळण निघायला लागलं. ज्वारी संपली, गहू संपला, मग तांदूळ. घरातले डबे, पातेली, शेवटी बादलीसुद्धा पिठाने भरली. जाऊबाई परत यायच्या त्या केस, भुवया पांढऱ्या करून.

"ही शिकतेय की दळतेय?" दिरांनी मला विचारलं.

शेवटी गिरणीवाल्यालाच दया आली. "बाई, दळण नसलं तरी या," तो म्हणाला आणि पोत्यांमागे एक स्टूल टाकून दिलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी त्यांना बोलवायला गेले, तर वीज गेली. गिरणी घरघरत थांबली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा रेडिओ ऐकू आला. झकास गाणं लागलं होतं. रांगेतल्या बायका माना डोलवायला लागल्या. मला वाटलं, आता यांचं संपलं. पण पोत्यांमागे पेन्सिल चालतच होती. पानाच्या तळाशी उत्तर लिहून त्यांनी दोन रेघा मारल्या, तेव्हा कुठे मान वर केली.

"गिरणी कधी थांबली?"

"गाणं संपलंसुद्धा," मी म्हटलं.

"कुठलं गाणं?"

दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या वर्गाबाहेर, मैदानावर कवायतीचा ढोल सुरू झाला, तोही जरा लयीला सैल. "दोन ठोके मोजले मी," जाऊबाईंनी नंतर सांगितलं. "मग मनातल्या मनात गिरणीचं बटण दाबलं."

एकाहत्तर मार्क पडले. लेकीने फोनवर निकाल दाखवला, तेव्हा दीर उठले आणि त्यांनी जाऊबाईंची पेटी पुसली, भात्यापासून पट्ट्यांपर्यंत. जाऊबाई मात्र तशाच चपला घालून गिरणीत गेल्या. मागून मी आणि लेक.

"पास झाले," त्या ओरडल्या. गिरणीवाल्याने कानाला हात लावला. "पास, पास." त्याने मान हलवली, काही कळेना. तेव्हा त्याने जे कधीच केलं नव्हतं ते केलं. कुणाचं तरी दळण अर्धवट असताना गिरणी बंद केली.

"काय म्हणालात बाई?"

"एकाहत्तर."

रांगेतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हणाली, माझं दळण सावकाश होऊ दे. रेडिओवर कोणीतरी गात होतं. जाऊबाई पोत्यांमागच्या त्या स्टुलावर पदर सावरून बसल्या आणि त्यांनी ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं. गिरणीवाला बटणावर हात ठेवून थांबला होता.

"कसं होतं?" त्याने विचारलं.

"अर्धा सूर उतरलीय बिचारी," जाऊबाई म्हणाल्या. "होऊ द्या सुरू."