ताईची दुसरी नळी

माझी थोरली बहीण गेली बावीस वर्षं इस्पितळात लोकांचं रक्त काढते. सुई कधी आत गेली आणि कधी बाहेर आली, माणसाला पत्ता लागत नाही. बोलून बोलून ती त्याचं डोकं इतकं खाते, की हाताकडे लक्षच जात नाही. आम्ही भावंडं तिला 'डास' म्हणतो. ती म्हणते, "डास चावलेला कळतो तरी!"

एका सकाळी माझ्या छातीवर दाब आल्यासारखं झालं आणि डावा खांदा दुखू लागला. मी किल्ल्या बनवणारा. दिवसभर कानस चालवतो, खांदा दुखणारच. पण बायको ऐकेल तर शपथ! तिने मला थेट ताईच्या इस्पितळात नेलं. ईसीजी ठीक होता. ताईने रक्ताची नळी भरली आणि तासाभरात रिपोर्ट आला, नॉर्मल. मी शर्टाची बटणं लावायला घेतली.

"तीन तास थांब. दुसरी नळी घ्यायचीय," ताई म्हणाली.

"पहिलीला काय धाड भरली?"

"अरे, हृदयाला इजा झाली की ट्रोपोनिन रक्तात उतरतं, पण हळूहळू. दुखायला लागून तुला तासही झाला नव्हता. आकडा वाढतोय का ते बघायला नको? डॉक्टरांनीही तेच सांगितलंय."

मी म्हटलं, दुकान उघडायचंय, गिऱ्हाईक दारात उभं असेल. तिने सरळ माझ्या खिशातून दुकानाची किल्ली काढली आणि स्वतःच्या अ‍ॅप्रनमध्ये टाकली. "जा आता. दुसरी असेलच ना तुझ्याकडे?"

नव्हती. जगाला जोडकिल्ल्या करून देणाऱ्या माझ्याकडे स्वतःच्या दुकानाची एकच किल्ली! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. ताई इतकी हसली की शेजारच्या खाटेवरचे आजोबाही हसायला लागले. मी तोंड फुगवून तीन तास काढले.

पहिला आकडा सात होता. दुसरा नव्वदच्या पुढे गेला. मग एकच धांदल उडाली. मला आत हलवण्याआधी आणखी रक्त हवं होतं, म्हणून ताई आली. एक शब्द बोलली नाही. तिने सुई टोचली, शीर सापडली नाही. पुन्हा टोचली, पुन्हा चुकली. मी "आई गं" म्हणालो. तोवर मी घाबरलो नव्हतो; तिची सुई चुकलेली बघून घाबरलो.

"डास, सावकाश," मी म्हटलं. "मी कुठे पळतोय? किल्ली तुझ्याकडे आहे."

ती हसली नाही, पण तिसऱ्यांदा शीर मिळाली.

माझी तुंबलेली रक्तवाहिनी त्याच दिवशी मोकळी केली. पंधरा दिवसांनी ताईने किल्ली परत दिली, तेव्हा दुकानातलं पहिलं काम म्हणून मी तिची जोड बनवली. ती आता ताईच्या अ‍ॅप्रनमध्ये असते. सुई चुकली तिथला, दंडावरचा काळानिळा डाग मात्र आठवड्यातच गेला होता. मला तो आणखी थोडे दिवस हवा होता.