नाखवासाहेबांची अकरा मतं

नाखवासाहेबांसमोर कुणी कागद धरला की ते आधी मान दुसरीकडे वळवत आणि विचारत, "दाखवायचाय की द्यायचाय?" मग तो रजेचा अर्ज असो की लग्नाची पत्रिका. "द्यायचाय" म्हटलं तरच डोळे खाली येत. मी नवीन होतो तेव्हा मला हा शुद्ध शिष्टपणा वाटला होता. पुढे कल्याणच्या कचेरीत निवडणूक शाखेत त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं काढली, तेव्हा कळलं की ही सवय मतदान केंद्रावरची आहे. उभ्या नोकरीत त्यांनी दुसऱ्याची मतपत्रिका आपल्या नजरेस पडू दिली नव्हती, आणि मानेला तेच वळण लागलं होतं.

ठेंगणे, सावळे, खिशात कायम दोन पेनं. जन्म ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातला, बिऱ्हाड वर्तकनगरला. बोलणं पक्कं सरकारी. मात्र राग आला किंवा गहिवरून आलं की आतला कोळीवाडा बाहेर येई. त्यांचं एक वाक्य शाखेत सगळ्यांना पाठ होतं: "मत दाखवलं की ते मत राहत नाही, हजेरी होते." मतदाराने शिक्का मारलेला कागद उघडा करून कुणाला दाखवला, तर तो परत घ्यायचा आणि मागे 'रद्द' लिहून वेगळ्या पाकिटात टाकायचा, हा नियम. आम्ही बाकीचे असल्या वेळी "आजी, घडी घाला, घडी घाला" म्हणून वेळ मारून नेत असू. नाखवासाहेबांना वेळ मारून नेणं जमत नसे.

एकदा दुसऱ्या एका कोळीवाड्यात मच्छीमार सोसायटीच्या निवडणुकीत ते केंद्राध्यक्ष होते. त्या कोळीवाड्यात त्यांची सख्खी आत्या दिलेली. आत्या मत देऊन बाहेर आली, भाचा दिसला, तिने कौतुकाने कागद त्याच्या नाकासमोर धरला. "बघ रे पोरा, बराबर मारलाय का शिक्का?" पोराने मान वळवली, पण मागे बसलेल्या उमेदवारांच्या एजंटांनी सगळं पाहिलं होतं. मत रद्द झालं. आत्या भर केंद्रात म्हणाली, "माजा मत खाल्लंस मेल्या! आता सुकट खायाला ये माज्याकरं, मंग दावते!" त्यानंतर सहा वर्षं तिच्या घरून सुकट आली नाही. साहेब हा किस्सा अभिमानाने सांगत, आणि आम्ही तो ऐकून मागे हसत असू.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना वरून एक पत्र आलं. एका देशात अनेक दशकं एकाच माणसाची सत्ता होती. ती संपली होती आणि तिथे पहिली खुली निवडणूक व्हायची होती. मतदान कर्मचाऱ्यांना शिकवायला अनुभवी माणसं हवी होती. त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. साहेबही पुढे 'तिकडे' एवढंच म्हणत. शाखेत कुणाकडे पासपोर्ट नव्हता. साहेबांनी तो काढला, आणि नाखवीणबाईंनी डब्यात भरून दिलेले सुके बोंबील घेऊन हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसला.

तिकडे काय झालं ते मला त्यांनी परतल्यावर वर्षभराने सांगितलं. परत आले तेव्हा कचेरीत शाल-श्रीफळ झालं, "चार शब्द बोला" असा आग्रह झाला, तेव्हा हात जोडून खाली बसले. आम्हाला वाटलं, परदेशात जाऊन आले, आता भाव खाणारच.

शाळेतल्या शिक्षकांना त्यांनी दोन आठवडे शिकवलं होतं. दुभाष्या मध्ये, खोक्याची मतपेटी करून, स्वतः मतदार होऊन, घडी कशी घालायची ते शंभर वेळा दाखवून. तो नियमही शिकवला: उघडा कागद दिसला की रद्द. शिक्षकांनी तो वहीत उतरवून घेतला. एक गोष्ट मात्र साहेबांना कुणी सांगितली नाही आणि त्यांनी विचारलीही नाही. तिथे जुन्या राजवटीतही मतदान होत असे. कागदावर एकच नाव असे, त्यावर खूण करायची, आणि कागद टेबलामागच्या अधिकाऱ्याला उघडा दाखवूनच पेटीत टाकायचा. दाखवला नाही, तर त्या आठवड्यात घरी माणसं येत.

मतदानाच्या सकाळी ज्या केंद्रावर ते बसले होते, तिथे पहिला माणूस कक्षातून बाहेर आला, टेबलापाशी ताठ उभा राहिला आणि त्याने कागद उघडून धरला. तिथली केंद्राध्यक्ष तरुण शिक्षिका होती. तिने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान डोलावली. रद्द. दुसरा आला, तेच. तिसरी बाई, तेच. "मला वाटलं, माणसं नवीन आहेत, दोनचार मतं जातील, मग शिकतील," साहेब मला म्हणाले. "मी आपला खूश. पोरगी कशी नियमाने चाललीय!"

अकरावा एक म्हातारा होता. त्याच्या कागदावर 'रद्द' लिहिलं तेव्हा तो घाबरला. दुभाष्याला म्हणाला, "मी नीट दाखवला की. अजून वर धरायला हवा होता का?"

हे सांगता सांगता साहेबांचा आतला कोळीवाडा बाहेर आला. म्हणाले, "माज्या डोल्यांपुरं अंधारी आली रे. मी त्यांला शिकवाया गेलेलो का त्यांची शिक्षा चालू ठेवाया?"

ते उठले. त्यांनी कर्मचाऱ्यांची टेबलं उचलून भिंतीकडे तोंड करून लावायला सांगितली. खोलीच्या मध्यावर फक्त पेटी ठेवली. कागद दाखवायला समोर कुणी माणूसच उरला नाही. बाराव्या बाईने कागद उघडून इकडेतिकडे पाहिलं, सगळ्यांच्या पाठी दिसल्या, तेव्हा घडी घालून तो पेटीत टाकला. तिथून पुढे दिवसभर एकही मत रद्द झालं नाही.

पण अकरा पाकिटात गेली होती. त्या माणसांना दुसरा कागद द्यावा म्हणून साहेबांनी मुख्यालयाला चार फोन केले. तिकडून उत्तर आलं की, एकदा रद्द झाल्यावर पुन्हा कागद देता येत नाही, तुमच्याच प्रशिक्षणात तसं लिहिलंय. म्हातारा संध्याकाळपर्यंत शाळेच्या ओट्यावर बसून राहिला होता. काहीतरी होईल असं त्याला वाटत होतं. केंद्र बंद झाल्यावर साहेबांनी बाहेर जाऊन त्याला सगळं सांगितलं. त्याने विचारलं, "पुढची निवडणूक कधी?" साहेब म्हणाले, "पाच वर्षांनी." म्हाताऱ्याने बोटांवर आपलं वय मोजलं, साहेबांशी हात मिळवला आणि तो घरी गेला.

"शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं," साहेब म्हणाले.

ते निवृत्त झाले. मी मानपाड्याहून महिन्या-दोन महिन्यांनी वर्तकनगरला जात असे. चहा येण्याआधी ते म्हणत, "मोबाइलमधे बघ रे, तिकडची तारीख लागली का." त्या निवडणुकीनंतर चौथ्या वर्षी बातमी आली. तिकडे लष्कराने सरकार हटवलं होतं आणि निवडणुका बेमुदत पुढे ढकलल्या होत्या. मी ती वाचून दाखवली. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि पुन्हा वाचायला लावली.

तोवर प्रशिक्षण वर्ग माझ्याकडे आले होते. डोंबिवलीत शिक्षकांच्या एका वर्गाला मी साहेबांना बोलावलं. त्यांनी काही न लपवता हे सगळं सांगितलं. मागच्या बाकावरच्या एका शिक्षिकेला त्यांची दया आली असावी. ती म्हणाली, "पण सर, रूलप्रमाणे तुम्ही करेक्टच होतात ना?"

"करेक्टच होतो, बाई," साहेब म्हणाले. "अकरा वेळा करेक्ट होतो."

गेल्या हिवाळ्यात ते आजारी पडले. शेवटी भेटलो तेव्हा आवाज फार खोल गेला होता. नाखवीणबाई उशाशी बसल्या होत्या. साहेबांनी मला जवळ बोलावून तेच विचारलं, तारीख लागली का. मी नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली काढलेला माणूस. तरी म्हणालो, "लागली, साहेब. पुढच्या वर्षी."

मला वाटलं, आता समाधानाने डोळे मिटतील. पण कारकून तो कारकूनच. लगेच म्हणाले, "यादी नवी का जुनी?"

याचं उत्तर मी तयार ठेवलं नव्हतं. "जुनीच," म्हणालो.

"मग म्हाताऱ्याचा नाव हाय त्यात," ते म्हणाले. "त्याला आदी सोडा आत. रांगेत उभा नका करू."

मी "हो" म्हणालो. खोटं बोलल्याचं मला वाईट वाटलं नाही; त्यांनी विश्वास ठेवला याचं वाटलं. आठ दिवसांनी ते गेले. तिकडे अजून तारीख लागलेली नाही.