खरात बाईंची मिठाची पुडी

बाजाराला जाताना खरात बाईंच्या पिशवीत मिठाची एक किलोची न फोडलेली पुडी असायची. भाजीवाल्याकडे गेल्या की आधी ती पुडी त्याच्या काट्यावर ठेवायची, आकडा बघायचा आणि मगच वांगी निवडायला बसायचं. भाजीवाला वैतागायचा. "मॅडम, पुडी झिजून जाईल एक दिवस, पण माझा काटा हलायचा न्हाई." पुडी पिशवीत टाकत बाई म्हणत, "तुझ्यावर भरोसा हाय रे. काट्याला इचारून घेतलं, त्यात तुला काय झोंबलं?"

अंबडजवळच्या आमच्या गावात त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. थर्मामीटर आणलं की आधी स्वतःच्या काखेत. घड्याळ लावायचं ते रेडिओच्या बातम्यांवर. "मोजायच्या आधी मापाला मोजा," हे त्यांचं पालुपद. मुलं त्यांची नक्कल करायची, आणि बाई त्या नकलेतल्याही चुका काढायच्या.

मी जालन्याला तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालो आणि गावी येऊन राहिलो. तोवर बाईही निवृत्त झाल्या होत्या. एक दिवस पत्र्याचा डबा कडेवरच्या लेकरासारखा धरून त्या माझ्या ओसरीवर आल्या. घरी जोडलेला अ‍ॅम्प्लिफायर होता. "विहारासाठी करून राह्यले, सर. रविवारी वंदनेनंतर वाचन असतं, पण आमच्या आत्याबाईंला ऐकू येत न्हाई."

आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई, कौसाबाई.

"मग त्यांना पुढे बसवा," मी म्हणालो.

"पाठीला भिंत लागती त्यांला. भिंत तर पुढं आणता येत न्हाई. मंग आवाजच मागं न्यावा लागंल."

विहाराच्या कमिटीने मात्र अट घातली होती. सरांनी तपासून बराबर म्हटलं तरच हा डबा लावायचा.

मी माझा ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र, लावला. सोबत चौकोनी लहर तयार करणारा जनरेटर. तो मी स्वतः बांधलेला होता आणि त्याचा मला फार अभिमान होता. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये चौकोनी लहर सोडली की बाहेरही चौकोनच यायला हवा. पडद्यावर मात्र प्रत्येक कोपऱ्यापाशी रेघ थरथरत होती, ताटलीवर चमचा आपटल्यावर ताटली घुमत राहते तशी. मी मान हलवली. "बाई, हा स्थिर नाही. स्पीकर जाळेल."

बाईंनी डबा उचलला. पुढचे काही महिने त्या येत राहिल्या. कधी थरथर दाबणारे कपॅसिटर वाढवून, कधी तारा आखूड करून, कधी सगळी मांडणी उलटून. दर वेळी थरथर थोडी कमी व्हायची, पण जायची नाही. "हट्टी हाय," त्या डब्याकडे बघून म्हणत, "माझ्यावरच गेलं." शेवटी अगदी बारीक थरथर उरली तेव्हा मीच उदारपणे म्हणालो, "लावा आता. चालेल."

रविवारी डबा विहारात लागला. वाचन संपल्यावर बाईंनी मागे जाऊन सासूला विचारलं, "आलं का ऐकू?"

कौसाबाई म्हणाल्या, "आवाज आला गं. शब्द न्हाई आले. गोधडीतून बोलल्यावानी वाटलं."

बाईंचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा पडलेला पाहिला. ते मला लागलं. घरी येऊन कारण शोधू लागलो आणि स्कोपची तार, अ‍ॅम्प्लिफायर वगळून, सरळ माझ्या जनरेटरला लावली. तीच थरथर. बाईंचा डबा पहिल्या दिवसापासून चांगला होता. माझ्या जनरेटरमधून जे येत होतं तेच तो इमानाने मोठं करून दाखवत होता. ते दाबण्यासाठी बाईंनी घातलेल्या कपॅसिटरांनी मात्र आवाजाची धार गेली होती. 'स' आणि 'श' कापसात गुंडाळल्यासारखे झाले होते.

मी बाईंकडे जाऊन सांगितलं. त्या आधी हसल्या. "म्हणजे इतके महिने मी निरोगी माणसाला काढे पाजून राह्यले."

"तुम्ही सगळं तपासता, बाई. माझा जनरेटर कसा नाही तपासला?"

त्यांनी डबा पुढे ओढला. "तुमचा व्हता ना, सर," एवढंच म्हणाल्या.

मग आम्ही दोघांनी बसून ते कपॅसिटर एकेक करून काढले. पुढच्या रविवारी वाचन चालू असतानाच कौसाबाई एका विनोदाला मोठ्याने हसल्या, आणि सगळं विहार मागे वळून बघू लागलं.

कमिटीने मला शाल दिली. अध्यक्ष म्हणाले, "मॅडमचा बिघडलेला डबा सरांनी दुरुस्त केला." पहिल्या टाळ्या बाईंनी वाजवल्या. मी शाल घेतली आणि खाली बसलो. नंतर बाई नांदेडला मुलीकडे राहायला गेल्या, कौसाबाई गावातच राहिल्या. जाताना म्हणाल्या, "डब्याकडं ध्यान ठेवा." गावात अजून तो डबा 'सरांनी नीट केलेला' म्हणूनच ओळखला जातो. मीही कोणाला टोकलं नाही.

गेल्या रविवारी मी विहारात माइक मागून घेतला. बाईंच्याच डब्यातून, घडलं तसं सगळं सांगितलं. अध्यक्षांनी चहा सांगितला. घरी येऊन मी नांदेडला फोन लावला.

सगळं ऐकून घेऊन बाई म्हणाल्या, "आवाज फाटत तर नव्हता ना?"

"नाही. अगदी मागच्या भिंतीपर्यंत जात होता."

"कशावरून?"

"कौसाबाई मान हलवत होत्या."

"मान तर त्या गोधडीतल्या आवाजालाबी हलवायच्या, सर. जाऊन इचारा, काय ऐकलं म्हणून."

मी चपला घातल्या आणि गेलो. कौसाबाई ओट्यावर भिंतीला टेकून शेंगा सोलत होत्या. शेजारी टेकून, आवाज चढवून विचारलं. शेंगा बाजूला न ठेवता त्या म्हणाल्या, "ऐकलं की. आमच्या सुनेचा डबा पयल्यापासून चांगला व्हता. खोट तुमच्या यंत्रात व्हती. अन् शाल तुम्ही घेतली."

मी तिथूनच पुन्हा फोन लावला आणि शब्दही न बदलता बाईंना सांगितलं.

"मंग बराबर चालून राह्यलाय," बाई म्हणाल्या.