बंद डब्यात वाजलेला आबांचा फोन

हे लिहावं की नाही, यावर महिनाभर विचार केला. भुताखेतांच्या गोष्टींना मी कायम हसत आले... देवपूरच्या कॉलेजातून शिकलेली, घरातली पहिली ग्रॅज्युएट. मोजता येतं तेवढंच खरं मानणारी.

जळगावला माझं पीएच.डी.चं काम मोबाईलच्या लहरी अडवणारं हलकं मटेरियल बनवण्याचं. कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या जाळून मिळालेल्या कार्बनचे नॅनो कण प्लास्टिकमध्ये मिसळायचे. पऱ्हाट्यांची पोती आबांनी, म्हणजे वडिलांनी, शिंदखेड्याहून एसटीने आणून दिलेली. त्या मटेरियलचा डबा बनवला. दुसऱ्या दिवशी बाहेरचे परीक्षक त्याची मोजणी करणार होते — चार वर्षांचं काम त्यावर अवलंबून.

मोजणीच्या आदल्या दिवशी सकाळी अकराला माझा फोन डब्यात ठेवून झाकण बसवलं. मैत्रीण रूपाली तिच्या फोनवरून कॉल लावत होती. दहा वेळा 'संपर्क क्षेत्राबाहेर'.

"बस की आता! चहा पाजणारेस की नाही?"

तेवढ्यात डब्यात फोन वाजला.

"परत लावलास?"

"नाही गं, माझा टेबलावर आहे!"

उघडून बघितलं — मिस्ड कॉल, 'आबा'. टॉर्च मारला, तर आतल्या कोपऱ्यात सांध्याला केसाएवढी चीर! चूक माझीच. ओव्हन रिकामा नव्हता म्हणून डबा पापडासारखा गच्चीवर मे महिन्याच्या उन्हात वाळवलेला. भराभर वाळून सांधा तडकला. मोजणीत तिथूनच लहरी निसटल्या असत्या.

पण रूपालीने चीर तशीच ठेवून, माझा फोन परत डब्यात बंद करून आणखी दहा कॉल लावले. एकही लागला नाही.

आबांचा फोन बंद लागला, म्हणून आईला केला. तिने आबांना दिला.

"मी कोठे फोन कया, बेटा? मना फोन सकायपाईन दुरुस्तीले देयेल शे. सिम आठे मना खिसामा शे!" सकाळपासून फोन दुरुस्तीला, सिम त्यांच्या खिशात... मग कॉल आला कुठून?

सांधा पुन्हा भरला, या वेळी ओव्हनमध्ये वाळवला. मोजणी उत्तम झाली. कॉलचा खुलासा मात्र मी अनेकांना विचारूनही मिळालेला नाही.

मागच्या आठवड्यात आबा लॅब बघायला आले. डबा उलटसुलट करून म्हणाले, "यामा कोनाच फोन लागत नही?"

"कोणाचाच नाही, आबा."

"मंग मना कसा लागना?"

मी हसले. आबाही हसले.