यंगरानने वाचलेला कागद

मोक्पो बंदरातल्या मासळीबाजारामागच्या चढावर, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ओक्सिल मालिश करायची. नवव्या वर्षी गोवराने तिचे डोळे नेले आणि पुढे अंधशाळेने हातांत विद्या दिली. तिथे हा धंदा कायद्यानेच आंधळ्यांसाठी राखलेला, त्यामुळे हमाल, खलाशी, कंबर धरलेल्या कोळणी सगळे तिच्याकडेच यायचे. पण तिचं नाव झालं ते शाळकरी पोरींमुळे. दर महिन्याला ओटीपोट धरून कळवळणाऱ्या, वर्गातून घरी पाठवल्या जाणाऱ्या पोरी. ओक्सिल त्यांना खालून तापवलेल्या ऊबदार जमिनीवर पालथं झोपवायची आणि माकडहाडाच्या वर तळहात टेकवून बराच वेळ नुसती थांबायची. मग अंगठ्यांनी कमरेवरून हळूहळू खाली उतरायचं, घोट्याच्या चार बोटं वर, आतल्या बाजूची एक जागा दाबायची. पोट सगळ्यात शेवटी, आणि स्राव जोरात असेल तर मुळीच नाही. या बाबतीत ती भलती हट्टी होती. ‘पोटच दाबा’ म्हणून अडून बसलेल्या एका आईला तिने जिन्यावरूनच परत पाठवलं होतं.

हात ओक्सिलचे, तर डोळे यंगरानचे. यंगरानचं खाली बाजारात सुक्या मासळीचं दुकान होतं. सव्वीस वर्षं तिने ओक्सिलला सगळं वाचून दाखवलं होतं: पत्रं, विजेचं बिल, औषधाच्या पुडीवरची अक्षरं, एकदा तर लग्नासाठी आलेलं एक मागणंसुद्धा, आणि त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकांवरून दोघी पोट धरधरून हसल्या होत्या. सख्ख्या बहिणीने केलं नसतं इतकं तिने केलं, असं ओक्सिल येईल त्याला सांगायची.

यंगरानची मुलगी दासोम सोळा वर्षांची, अकरावीत. तिची पाळी म्हणजे दोन दिवस वांत्या आणि तिसऱ्या दिवशी पांढरंफटक तोंड. वर्षभर ती ओक्सिलकडे येत होती आणि तिला गुण होता. शरद ऋतूत मात्र ती पाळी नसतानाच आली, उजवीकडे दुखतंय म्हणाली. ओक्सिलने हलकेच बोटं टेकवली आणि उचलली. आत काहीतरी होतं. मोसंब्याएवढं, गुळगुळीत, बोटाखालून सरकणारं.

तिने यंगरानला वर बोलावून घेतलं.

“हिला बायकांच्या डॉक्टरकडे ने. उद्याच.”

“अगं ताई, काहीतरीच काय! वयात येतेय पोर, दुखणारच.”

“हे ते दुखणं नाही.”

“गणवेशातली पोर बाळंतपणाच्या दवाखान्याच्या पायरीवर दिसली, तर संध्याकाळपर्यंत अख्खा बाजार तिच्या बाळाच्या शंभराव्या दिवसाचं जेवण जेवून मोकळा होईल. तुला नाही माहीत इथली तोंडं?”

“गणवेश काढून ने. दुसऱ्या गावाला ने. तिथला कागद आणल्याशिवाय मी हिला बोट लावणार नाही.”

यंगरान रागावून गेली. पण बारा दिवसांनी दासोमला घेऊन ती परत आली आणि तिने हातातला कागद फडफडवला. “घे बाई. ग्वांगजूपर्यंत जाऊन आले. आता तरी समाधान झालं का?” मग घसा साफ करून तिने वाचून दाखवलं. तपासणी केली, गाठ आढळली नाही. बसून बसून अभ्यास केल्याने पोट साफ नाही. पालकांनी काळजी करू नये, मालिश चालू ठेवायला हरकत नाही. खाली सही, नाम आडनावाच्या डॉक्टरची.

ओक्सिलला इतकं हलकं वाटलं की ती हसायलाच लागली. “माझी बोटं म्हातारी झाली गं,” ती म्हणाली. “राहू दे तो कागद माझ्याजवळ, नोंद म्हणून.” यंगरान जरा घुटमळली, मग कागद तिच्या हातात दिला. दासोम कोपऱ्यात बसून होती.

त्यानंतर ओक्सिलने दोनदा तिच्या पाठीवर हात चालवला आणि दुसऱ्या वेळी अगदी हलक्या हाताने पोटावरही. ते मोसंबं बोटांना पुन्हा लागलं. बोटं सांगत होती आहे, कागद सांगत होता नाही. तिने बोटांना गप्प केलं. डॉक्टर शिकलेला माणूस, यंत्रातून आत बघतो, आपण कोण?

कागद आल्यापासून नवव्या दिवशी शाळेच्या मैदानात दोरीवरच्या उड्या मारताना दासोम किंचाळून खाली पडली. अंडाशयावरच्या गाठीला पीळ बसला होता. तो उलगडेपर्यंत उशीर झाला आणि उजवं अंडाशय काढावं लागलं. पीळ उड्यांनी पडला की आणखी कशाने, हे सर्जनला सांगता येईना. तीन आठवडे आधी आणली असती तर नुसती गाठ निघाली असती, एवढं मात्र त्याने स्पष्ट सांगितलं.

हे सगळं ओक्सिलला जिन्यावरून येणाऱ्या बायकांकडून कळलं. आणखीही एक कळलं. यंगरान दुकानात बसून सांगत होती की त्या आंधळीने दाबदाबून माझ्या पोरीची कूसच मोडली. आरोग्य कार्यालयात तक्रारीचा अर्जही दिला होता म्हणे.

“देऊ दे,” ओक्सिल म्हणाली. “पोर जाता जाता वाचली, आईचं डोकं ठिकाणावर नसणारच. चूक झाली असेल तर त्या डॉक्टरची. माझ्याकडे त्याचा कागद आहे.”

आरोग्य कार्यालयातून आलेली बाई तरुण होती, बोलायला मऊ. ओक्सिलने तिला बार्लीचा चहा दिला, खणातून कागद काढून पुढे केला आणि ताठ बसली. बाईने कागद उलटसुलट करून पाहिला.

“काकू, हा चुकून दुसराच कागद आलाय का?”

“खणात एकच कागद आहे.”

“हा शाळेच्या जेवणाचा तक्ता आहे. सोमवार, भात, शेवाळाचं सूप, तळलेला बांगडा. मंगळवार, भात, सोयाबीनचे मोड...” तिने कागद शेवटपर्यंत पाहिला. “खाली आहारतज्ज्ञांचं आडनाव आहे. नाम.”

ओक्सिलने तिला शुक्रवारपर्यंत वाचायला लावलं. मग विचारलं नसतानाही यंगरानने या कागदावरून काय वाचून दाखवलं, कुठल्या तारखेला, सगळं लिहून घ्यायला सांगितलं. तिला दया आली नाही. अंगाची आग आग होत होती. सव्वीस वर्षांतली कुठली पत्रं पत्रं होती आणि कुठले नुसते तक्ते, हे आता कुणाला विचारायचं?

मालिशनेच पीळ पडला असं सर्जन म्हणेना, म्हणून यंगरानचा अर्ज निकाली निघाला. त्याच संध्याकाळी यंगरान वर आली आणि दारातच उभी राहिली.

“दिलंस ना माझ्याविरुद्ध लिहून?”

“दिलं.”

“एका कागदासाठी? इतकी वर्षं तुझं सगळं मी केलं, ताई.”

“तू माझे डोळे होतीस. स्वतःच्या डोळ्यांनी मला फसवलंस.”

“मी घाबरले होते. दोनदा गेले त्या दवाखान्यापर्यंत आणि दोनदा फिरले. वाटलं, तुझा हात फिरला की बरी होईल.” तिचा आवाज एकदम चढला. “आणि मी खोटं वाचलं, मान्य. पण तुझी बोटं तर खोटी नव्हती ना? तुला लागलं होतं ते. मग का हात लावलास माझ्या पोरीला?”

उत्तरासाठी न थांबता यंगरान खाली उतरून गेली.

वसंतात दासोम एकटी आली. पाळी आली होती, कळा येत होत्या. तिने चपला काढल्या आणि जमिनीवर बसली.

“तू तिथेच होतीस,” ओक्सिल म्हणाली. “तुझ्याच शाळेचा कागद. तुला दिसत होतं.”

“हो, मावशी.”

“मग?”

“कागद ऐकून तुम्ही इतक्या हसलात, मग सांगवेना. आणि मलाही नव्हतं जायचं तिथे.” पोर रडायला लागली. “आता काहीच लपवणार नाही. विचारा काय ते. आज दुसरा दिवस आहे. डावीकडे दुखतंय, उजवीकडे नाही.”

ओक्सिलने हात चोळून गरम केले होते. ते पुढे जाईनात. दुसरा दिवस की पहिला, उजवीकडे की डावीकडे, पोरीने सांगायचं आणि हातांनी मानायचं, यावरच तर तिचं सगळं काम चालायचं. पोर खरं बोलत असेलही, बहुतेक बोलतच होती.

“दवाखान्यात जा,” ती म्हणाली. “मला आता तुझं खरंही ऐकू येत नाही.”

दासोम चपला घालेपर्यंत ओक्सिल आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली.