बाबांच्या वाट्याचे वेढे

आमच्या घरात कुणी आजारी पडलं की मी आधी भडकते. आईला वाटतं मला माया नाही. माया आहे गं बाई, पण ती तोंडातून आरडाओरडा होऊनच बाहेर येते, त्याला मी काय करू? बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हाही रिक्षावाला, वॉर्डबॉय, डॉक्टर, सगळ्यांवर ओरडून झालं आणि मग हॉस्पिटलच्या जिन्यात बसून मी ढसाढसा रडले.

झटका तसा हलका होता. बोलणं परत आलं, पाय परत आला. उजवा हात तेवढा रुसून बसला. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी मला दाराबाहेर नेऊन म्हणाली, "ताई, हात पूर्ण गेलेला नाही. पण आता वापरला तरच राहील. हे महिने असेच घालवले तर गेला समजा." तिने दाबायला रबरी बॉल दिला होता. बाबांनी तो खालच्या पोरांना क्रिकेटला देऊन टाकला.

हा हात म्हणजे काय होता ते सांगते. बाबांनी सगळी नोकरी अंधेरीतल्या एका कारखान्याच्या गाळ्यात ट्रान्सफॉर्मर गुंडाळण्यात घालवली. तांब्याची तार, वेढ्याला वेढा चिकटलेला, मध्ये केस जाणार नाही. आता तोच हात ते मांडीवर घेऊन बसायचे, कुणीतरी सांभाळायला दिलेल्या पिशवीसारखा. जेवायचे डाव्या हाताने, तेही आतल्या खोलीत, दार लोटून. आणि एक दिवस चहा पिता पिता जाहीर करून टाकलं, "यंदा गणपतीक गावाक येवचंय नाय मी. पंगतीत काय डाव्या हातान जेवू?"

आमच्या दिंडोशीच्या बिल्डिंगमध्ये निम्मी घरं कोकणातली. गणपतीला गावी जात नाही म्हणजे काय, हे इथे कुणाला समजवावं लागत नाही. आई मोरीत नळ सोडून रडली. मी अर्थातच भडकले. बाबा मांडीवरच्या हाताकडे बघत राहिले.

खाली पार्किंगमध्ये त्यांची जुनी छोटी गाडी कव्हर घालून उभी होती. निवृत्त झाल्यावर हौसेने घेतलेली. डिकीत हे मोठाले स्पीकर आणि एक अ‍ॅम्प्लिफायर. गावच्या डबलबारीची रेकॉर्डिंग ऐकायची, दोन भजनी बुवांची जुंपलेली ऐकायची, तर पखवाज पोटात वाजला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्या अ‍ॅम्प्लिफायरचा सप्लाय झटक्याच्या आधीच जळला होता. गाडीच्या बॅटरीचे बारा व्होल्ट अ‍ॅम्प्लिफायरला पुरत नाहीत, सप्लाय ते वाढवून देतो. आत मोस्फेट असतात, म्हणजे करंट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करणारे स्विच, आणि एक गोल ट्रान्सफॉर्मर, मेदुवड्याएवढा. मी यूपीएस दुरुस्तीच्या कामात आहे, तयार सप्लाय संध्याकाळी येताना घेऊन आले असते. पण मी आणले सुटे भाग. मोस्फेट, तार आणि ती तार गुंडाळायला एक काळी रिंग. ते सगळं घेऊन जेवणाच्या टेबलावर बाबांच्या बरोबर समोर बसले.

आणि मुद्दाम घाण गुंडाळायला लागले.

थोडा वेळ बाबांनी टीव्ही बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मग टीव्ही बंद केला.

"गो, ह्या काय? वाइंडिंग करतंस का चिंध्या गुंडाळतंस?"

"मग या ना दाखवायला!"

"माझो हात—"

"एक आहे ना चांगला? तो आणा."

आले. खुर्ची ओढत, कुरकुरत, पण आले. मी मनात म्हटलं, आज डावा येऊ दे, उजव्याचं मागून बघू.

या ट्रान्सफॉर्मरमध्ये बॅटरीकडच्या वाइंडिंगचे दोन सारखे अर्धे असतात. करंट एकदा एकातून जातो, एकदा दुसऱ्यातून, आळीपाळीने. आम्ही एकेक अर्धा वाटून घेतला. बाबा उजव्या कोपराने रिंग टेबलावर दाबून धरायचे आणि डाव्या हाताने तार ओवायचे, जिभेचं टोक ओठाच्या कोपऱ्यात. माझ्यावर लक्ष होतंच. "ताण गो, ताण! तार सैल पडूची नाय!" आई कोलंबी सोलता सोलता म्हणाली, "माझ्या टेबलाची वाट लावा दोघं मिळून." पण तिने टेबल आवरलं मात्र नाही. कितीतरी दिवसांनी घरात भांडणाचा आवाज होता, आणि मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू.

सगळं जोडून झाल्यावर आम्ही खाली गाडीपाशी गेलो. बाबा म्हणाले, "आधी सिरीजमधी बल्ब लाव." बल्ब लावला की काही चुकलं असेल तर तो पेटतो आणि बाकीचं वाचतं. रोज कामावर मी तेच करते. पण त्या दिवशी मला तो बल्ब बाबांच्या हाताचा अपमान वाटला. म्हटलं, "तुमच्या वाइंडिंगला बल्ब? काहीतरीच काय!" आणि थेट बॅटरीला जोडलं.

फाट! मोस्फेट उडाले, मागून फ्यूज. जळका वास पार्किंगभर. वॉचमन वाळूची बादली घेऊन धावत आला, वरून गॅलरीतून आई ओरडली, "लागली ना वाट?" मी दुकानदाराच्या नावाने शंख करायला सुरुवात केली, डुप्लिकेट माल देतो मेला. बाबांनी तेवढ्यात रिंग मांडीवर घेतली आणि अंगठ्याचं नख वेढ्यांवरून फिरवलं. एकदा माझ्या अर्ध्यावरून, एकदा त्यांच्या.

"माझो अर्धो उलटो गेलो," ते म्हणाले.

दोन्ही अर्धे एकाच दिशेने गेलेले हवेत. जन्मभर उजव्या हाताने गुंडाळणारा माणूस, डाव्या हाताने गुंडाळताना आपसूक उलट्या दिशेने गेला होता. आणि मी तपासलं नव्हतं. बाबांचं वाइंडिंग कोण तपासतं?

ते जिने चढून आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. चहा नाही, जेवण नाही. आईने माझ्याकडे असं बघितलं की त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता खरं सांगते. ते वाइंडिंग परत करायची काही गरज नव्हती. उलट्या गेलेल्या अर्ध्याची दोन टोकं अदलाबदल करून सोल्डर मारली की काम भागतं. कामावर नवीन लागलेल्या पोरीलाही हे कळतं. मी सोल्डरिंगची गन तापवून टेबलावर बसले होते. टोकं हातात धरली. मग गन बंद केली, कटर उचललं आणि बाबांचा अख्खा अर्धा कापून काढला.

दार ढकलून आत गेले. शक्य तितक्या कोरड्या आवाजात म्हटलं, "बाबा, तुमचा अर्धा परत गुंडाळावा लागणार. आणि डाव्या हाताने दिशा चुकते, बघितलंत ना? उजव्यानेच करावं लागेल."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मग ते उठून बसले. "तार हाड," म्हणाले.

मी तार आणून दिली.

पुढचे कितीतरी दिवस तेच चाललं. बोटांत तार धरली की सुटायची. ओवली की उसळून बाहेर यायची. एक वेढा बसला की कपाळावर घाम. मग अशा काही मालवणी शिव्या, की आई शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मिक्सर लावायची. माझे हात शिवशिवायचे, वाटायचं हिसकावून घ्यावं आणि करून टाकावं. पण मी खुर्चीखाली हात दाबून बसायचे. व्यायामवाली मुलगी आली, तिने टेबलावरचा प्रकार बघितला आणि बॉलचा विषय कायमचा सोडून दिला. आणि त्याच दिवसांत कधीतरी आतल्या खोलीचं दार लोटून जेवणं बंद झालं. घास अर्धा वाटेत सांडायचा, पण उजव्या हातातून सांडायचा. आई आणि मी आपापल्या ताटात बघून जेवायचो.

वाइंडिंग झालं एकदाचं. इतकं वेडंवाकडं, की गाळ्यात कुणी असं केलं असतं तर बाबांनी ते त्याच्या अंगावर फेकलं असतं. मी नख फिरवून दिशा तपासली. बरोबर होती.

नवे मोस्फेट आणि नवा फ्यूज टाकला आणि या वेळी बल्ब लावला. क्षणभर पेटला आणि विझला, म्हणजे सगळं ठीक. मग बल्ब काढून सरळ जोडलं. बाबा ड्रायव्हरच्या सीटवर बसले, मी बाजूला. पखवाजाची पहिली थाप पडली आणि गाडीचे दरवाजे थरथरले. वॉचमन पुन्हा बादली घेऊन हजर! मी त्याला हसत हात केला, जा रे, काही नाही.

बाबांनी उजवा हात उचलला, आवाजाच्या बटणावर ठेवला. बटण हळूहळू फिरलं.

"गावाक जाताना डिकीत सामान भरू नको," समोर बघत ते म्हणाले. "स्पीकर झाकतले."

मी नुसतं "बरं" म्हटलं.

पहिल्या बुवांचं संपून दुसऱ्या बुवांनी उत्तर द्यायला सुरुवात केली, तेव्हा ते पुन्हा बोलले. "टोकां बदलली असती तरी भागला असता, गो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"जन्मभर काय केलंय मी?"

"मग बोलला का नाहीत?"

"लोटलेल्या दाराक फट असता. तू गन बंद करून तार कापलंस, ता बघलंय मी." त्यांनी एकदाच माझ्याकडे मान वळवली. "म्हटलंय, माझ्यासाठी पोटचां चेडू खोटां बोलता, तर माका हात हलवूक काय जाता?"

मी भडकायला तोंड उघडलं आणि मला रडूच फुटलं, चांगलं मोठ्याने, हॉस्पिटलच्या जिन्यातल्यासारखं. बिल्डिंगला ऐकू जाऊ नये म्हणून बाबांनी उजव्या हाताने आवाज आणखी वाढवला.